पेटी बिघडली असं वाटलं की आधी हवा तपासा, सुरांना हात नंतर

ऑगस्ट उजाडला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये गणपतीच्या तयारीसोबत माळ्यावरची किंवा कपाटावरची पेटी, म्हणजे हार्मोनियम, खाली येते आणि तक्रारी सुरू होतात. एखादी पट्टी दाबली की खालीच राहते. भाता हलवला की कुठलासा सूर कुणी न दाबता वाजू लागतो. मार्चमध्ये छान बोलणारी पेटी आता दमच धरत नाही. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. त्या शहरात घराण्यांबद्दल, बंदिशींबद्दल, तानसेन समारोहाबद्दल रात्रभर बोलणारी माणसं भेटतात. पण घरातल्या पेटीचं झाकण उघडून आत काय चाललंय ते पाहायला बहुतेकजण घाबरतात. मग ती उचलून थेट दुकानात नेली जाते आणि सांगितलं जातं, ‘बेसूर झालीय, ट्यूनिंग करून द्या.’

मी पेटीची साथ करतो आणि हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. दहातल्या बहुतेक तक्रारींचा सुराशी संबंध नसतो. बिघाड हवेचा असतो, चामड्याचा असतो, फुगलेल्या लाकडाचा असतो. ट्यूनिंग म्हणजे पितळ खरवडणं. खरवडलेलं पितळ परत येत नाही. म्हणून आत काय आहे आणि ते का बिघडतं, हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं.

आत नेमकं काय असतं

पेटीतला आवाज रीडमधून येतो. रीड म्हणजे पितळेच्या जाड पट्टीत कापलेली एक लांबट खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेटने ठोकलेली पितळेची पातळ जीभ. जीभ खाचेपेक्षा अगदी किंचित अरुंद असते, म्हणून हवेच्या दाबाने ती खाचेतून आतबाहेर हलू शकते. शाळेत लाकडी फूटपट्टी बाकाच्या काठावर दाबून तिच्या मोकळ्या टोकाला टिचकी मारलेली आठवते? पट्टीचा मोकळा भाग आखूड केला की आवाज चढतो, लांब केला की उतरतो. रीडचं गणित तेच आहे, फक्त टिचकीऐवजी हवा आहे. आंतरराष्ट्रीय मापातला मधला ‘ए’ म्हणजे जीभ सेकंदाला 440 वेळा हलते.

साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या असतात. रीडचे दोन संच असतील, ज्याला आपण खर्ज-नर म्हणतो, तर आत 84 जिभा झाल्या. आपल्याकडे रीडसाठी गुजरातमधल्या पालिताण्याचं नाव मोठं आहे, आणि पालिताणा रीडची जुनी पेटी घरात असेल तर ती जपण्याला आणखी एक कारण आहे.

आता हवेचा रस्ता. मागचा भाता हाताने हलवला की हवा एका एकमार्गी चामडी झडपेतून पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात जाते. हा पोटातला भाता स्प्रिंगच्या दाबाखाली असतो. हात थांबला तरी सूर क्षणभर टिकतो तो त्याच्यामुळे. समोरचे स्टॉप, म्हणजे ओढायच्या खुंट्या, ओढले की हवा पोटातून रीडच्या कप्प्यात शिरते. शेवटची अडवणूक पट्टीपाशी असते. पट्टी पुढून दाबली की तिचं मागचं टोक उचललं जातं. त्या टोकाखाली चामडं लावलेली लाकडी झडप असते, ती भोकावरून उठते आणि हवा रीडमधून बाहेर पडते. पट्टी सोडली की वरची तारेची स्प्रिंग झडप पुन्हा भोकावर दाबून बसवते.

पॅरिसमध्ये 1842 साली अलेक्सांद्र देबँ यांनी पेटंट घेतलेलं हार्मोनियम पायाने भाता मारायचं वाद्य होतं. बैठकीत मांडीपुढे ठेवून एका हाताने हवा भरायची रचना कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास केली. आणि हे परकं वाद्य ठुमरीच्या अंगाने बोलू लागलं त्यात आपल्या ग्वाल्हेरचा मोठा वाटा आहे. शिंदे घराण्यातले भैया गणपतराव पेटीवर ठुमरी वाजवायचे, आणि पुढच्या कितीतरी वादकांनी त्यांचं नाव आदराने घेतलं. ग्वाल्हेरच्या घरात पेटी धूळ खात पडलेली पाहिली की म्हणूनही जीव कळवळतो.

ग्वाल्हेरची हवा पेटीला का सोसत नाही

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडात साधारण 6 टक्के पाणी राहतं. आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की तेच 16 टक्क्यांच्या आसपास जातं. ओल वाढली की फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, म्हणून चांगली पेटी सागवानी असते. पण कमी हलतं याचा अर्थ हलत नाही असा नाही.

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, लू चालते, लाकूड कोरडं ठणठणीत होतं. जुलैत पाऊस लागला की भिंतींना ती ओल धरते जिला इथे सगळे ‘सीलन’ म्हणतात. जानेवारीत धुकं. एका वर्षात तीन टोकं.

यापेक्षाही मोठा घोळ कूलर करतो, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्याकडे उन्हाळाभर बैठकीच्या खिडकीला कूलर लागलेला असतो आणि रियाजाला माणूस त्याच्याच झोतात बसतो. दुपारी बंद खोलीतली हवा कोरडी, संध्याकाळी कूलर सुरू झाल्यावर तीच हवा ओलसर. लाकूड रोज फुगतं, रोज आकसतं. पावसाळ्याची ओल हळूहळू येते, तिच्याशी लाकूड जुळवून घेतं. ही रोजची ओढाताण त्याला जास्त महागात पडते. फळ्यांचे सांधे सुटतात, रीड बसवलेल्या फळीला बारीक चीर जाते. चीर दोन कप्प्यांच्या मध्ये गेली तर एक सूर दाबल्यावर शेजारचाही कुजबुजायला लागतो. पेटी कूलरच्या झोतातून बाजूला घ्या. एवढं केलं तरी तिचं आयुष्य वाढेल.

न दाबता वाजणारा सूर

सर्वांत जास्त घाबरवणारी तक्रार ही. खरं तर सर्वांत सोपीही हीच.

आधी समोरचे स्टॉप पाहा. त्यातले काही मुख्य स्टॉप असतात आणि काही षड्ज-पंचमासारखा एकच सूर सतत धरणारे. घरात लहान मूल असेल तर हमखास यातला एखादा अर्धवट ओढलेला सापडतो. सगळे आत ढकला, मग फक्त एक मुख्य स्टॉप उघडून पाहा. आवाज गेला तर काम झालं.

गेला नाही, तर याचा अर्थ कुठली तरी झडप भोकावर नीट बसलेली नाही. कुठली ते शोधायला एकेक पट्टी दाबू नका. मागून पट्ट्यांची टोकं बोटाने एकामागून एक हलकेच खाली दाबत जा. ज्या टोकावर बोट ठेवल्यावर आवाज थांबतो, ती दोषी. आता बारकाईने पाहा. ती पट्टी शेजारच्या पट्टीला घासते आहे का? खालच्या मार्गदर्शक खिळ्यात अडकते आहे का? स्प्रिंग जागेवरून सरकली आहे का? की चामड्याखाली कचरा आहे? मी तांदळाचा दाणा, अक्षतेचं कुंकू, उदबत्तीची काडी, असं सगळं झडपेखाली पाहिलेलं आहे. देवघरासमोर उघडी ठेवलेली पेटी दुसरं काय गोळा करणार.

पतंगाच्या कागदाइतका पातळ कागद घ्या, बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि झडपेखाली सरकवून हळूच ओढा. झडप नीट दाबून बसत असेल तर कागद ओढायला जोर लागतो. सैल निघून आला तर चामडं कडक झालंय किंवा स्प्रिंग थकलीय. दोन्ही बदलता येतं, आणि त्यासाठी एकाही रीडला हात लावावा लागत नाही.

पट्टी फुगून घासत असेल तर मात्र घाई करू नका. पॉलिश पेपर घेऊन कडा घासायचा मोह होतो, आणि काही दुकानांतही तेच करतात. जुलैत घासून मोकळी केलेली पट्टी नोव्हेंबरात लाकूड आकसल्यावर खडखडायला लागते. पेटी कोरड्या खोलीत ठेवा, थोडं थांबा. दसऱ्यानंतरही घासत असेल तर मग कारागिराला दाखवा.

आणखी एक गैरसमज इथेच मोडून काढतो. कपलर असलेल्या पेटीत एक पट्टी दाबली की वरच्या किंवा खालच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते. कपलरचं बटण ओढलेलं राहिलं की पट्ट्या जड लागतात आणि दोन सूर वाजतात. हा बिघाड नाही. पण कपलर बंद असतानाही पट्टी सोबत ओढली जात असेल, तर त्याची तार वाकली आहे.

दम का धरत नाही

भाता सारखा हलवावा लागतो, लांब सूर मध्येच बसतो. गळती कुठे आहे हे घरीच कळू शकतं, तेही पेटी न उघडता.

सगळे स्टॉप बंद करा. भाता पाच-सहा वेळा हलवून पोट भरा आणि हात काढा. मनातल्या मनात दहा मोजा. आता एक मुख्य स्टॉप उघडून मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबा. सूर खणखणीत आला, तर भाते ठीक आहेत. दुसऱ्या फेरीत मुख्य स्टॉप आधीच उघडा ठेवा, पोट भरा, कुठलीही पट्टी न दाबता पुन्हा दहा मोजा आणि मग तीच पट्टी दाबा. पहिल्या फेरीत आवाज आला आणि दुसऱ्या फेरीत नाही, तर हवा वर जातेय, म्हणजे पट्ट्यांखालच्या झडपांमधून किंवा रीडच्या फळीच्या कडेने. पहिल्याच फेरीत सूर मेला, तर दोष भात्यात, आतल्या चामडी झडपेत किंवा पेटीच्या तळात.

बाहेरच्या भात्याची गळती उदबत्तीने दिसते. काडी घडीपासून वीतभर लांब धरायची, ठिणगी कापडावर पडू द्यायची नाही, आणि भाता सावकाश बंद करायचा. सरळ वर जाणारा धूर जिथे एकदम बाजूला फेकला जातो तिथे भोक आहे. बहुधा घडीच्या कोपऱ्यात सापडतं, कारण कापड आणि चामडं तिथेच सर्वांत जास्त दुमडतं.

सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो, चिकट थर धूळ पकडतो आणि नंतर खऱ्या दुरुस्तीला चामडं चिकटत नाही. मऊ, पातळ मेंढीच्या चामड्याचा तुकडा आणि सरस किंवा लाकडाचा साधा पांढरा गोंद, एवढंच लागतं. तुकड्याच्या कडा तासून पातळ केल्या तर घडी पूर्वीसारखी मिटते.

ही गळती सुरांनाही बाधते, म्हणून तिला मी इतकं महत्त्व देतो. दाब कमी पडला की खर्जाचे मोठे रीड उशिरा बोलतात. वादक मग जोरात भाता मारतो. दाब फार वाढला की अशा मुक्त, म्हणजे खाचेतून आरपार हलणाऱ्या, रीडचा सूर किंचित उतरतो. म्हणजे एकाच पेटीत एक सूर आळशी, दुसरा उतरलेला, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळी पेटी बेसूर. गळती बुजवली की यातलं बरंचसं आपोआप निवळतं.

एकच सूर मुका झाला किंवा घरघरतो

इथे खरोखर रीडपर्यंत जावं लागतं. जीभ आणि खाच यांच्यामधली फट केसाएवढी असते. तिच्यात धुळीचा कण अडकला की जीभ थांबते किंवा कणाला आपटत घरघरते. आधी तीच पट्टी दाबून भाता चार-पाच वेळा जरा जोरात मारा. पुष्कळदा कण उडून जातो.

नाही गेला तर रीडच्या फळीपर्यंत पोचून मऊ, कोरड्या ब्रशने साफ करायचं. ब्रश रिव्हेटकडून टोकाकडे फिरवा, उलटा नाही. उलट फिरवला की जीभ उचकटते, आणि टोक रीडच्या पितळी पट्टीपासून जितकं वर हवं तितकं राहत नाही. हे अंतर फार महत्त्वाचं असतं. टोक फार खाली बसलं तर हवेच्या पहिल्या झोताने जीभ खाचेला चिकटते आणि बोलतच नाही. फार वर राहिलं तर सूर हवा खातो आणि उशिरा येतो. हे अंतर ठरवणं कारागिराचं काम आहे.

उन्हाळ्यानंतर घरघर सुरू झाली असेल तर रीडचे स्क्रू पाहा. लाकूड आकसलं की ते सैल पडतात. घट्ट करा, पण हाताच्या सहज जोराने. फार पिळले तर पितळी पट्टी वाकते आणि जीभ खाचेच्या कडेला घासू लागते.

आणि एक खूण लक्षात ठेवा. बाकी सगळी पेटी जागेवर असताना एकच सूर काही आठवड्यांत उतरत चालला असेल, तर त्या जिभेला रिव्हेटजवळ चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी. असा रीड खरवडून वर चढवणं व्यर्थ आहे, तो कधीतरी मोडणारच. तो एकच बदलून घ्या.

‘पण पेटी मुळातच बेसूर असते ना?’

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती, त्यामागे हेही एक कारण होतं. पण वाद्याचा स्वभाव आणि वाद्याचा आजार यांत फरक करायला हवा, नाहीतर निरोगी पेटीवर उपचार होतात.

समजा तानपुऱ्याचा षड्ज 240 कंपनांवर आहे. तानपुऱ्याच्या नादात जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो तो पाच-चारच्या प्रमाणात, म्हणजे बरोबर 300 वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, तिथे गंधार 302.4 वर पडतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच लाटा कानात उठतात. पंचमाचा हिशेब मात्र जवळपास जुळतो. तानपुऱ्याचा 360, पेटीचा 359.6.

म्हणून घरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून पेटीचा गंधार जरा चढा वाटला, तर ती बिघडलेली नाही, तिची रचनाच तशी आहे. चांगला साथीदार गायक गंधारावर थांबतो तेव्हा तिथे पेटी दाबून धरत नाही. हा प्रश्न वाद्यातच सोडवायचे प्रयत्नही झाले आहेत. डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी तयार केली. तुमची नेहमीची पेटी मात्र पंचमालाही लाटा देत असेल, किंवा एकाच पट्टीचे खर्ज आणि नर एकमेकांशी थरथरत असतील, तेव्हा ट्यूनिंगचा विचार करा. थरथर मोजता येते. खर्जाचा रीड 220 वर असताना एक सप्तक वरचा नर 440 ऐवजी 442 वर असेल, तर सेकंदाला दोन लाटा येतील. ती थरथर पूर्ण नाहीशी झाली की दोन्ही जुळले.

‘दरवर्षी ट्यूनिंग करून घेतलेलं बरं, नाही का?’

अजिबात नाही. जिभेचं टोक खरवडलं की ती हलकी होते आणि सूर चढतो. रिव्हेटजवळ खरवडलं की तिची ताकद कमी होते आणि सूर उतरतो. दोन्ही वेळा धातूच जातो. आज चढवला, पुढच्या वर्षी उतरवला, त्यापुढच्या वर्षी पुन्हा चढवला, असं करत जीभ दोन्हीकडून पातळ होते, तिचा आवाज पोकळ होतो आणि शेवटी ती मोडते. पितळ एका वर्षात स्वतःहून फारसं सरकत नाही. जे ‘सरकलं’ वाटतं ते बहुधा धूळ, ओल किंवा गळती असते. वर्षातून एकदा सफाई आणि झडपांची तपासणी करून घ्या. खरवडणं मात्र सगळी हवा बंदोबस्तात आल्यावर, कानाला नक्की कळल्यावर, आणि फक्त त्याच सुरांचं.

उन्हात ठेवणं, तेल घालणं, फुंकर मारणं

‘काका, ओल धरलीय, गच्चीवर उन्हात ठेवू का?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतं. नको. उन्हात लाकडाची वरची बाजू आकसते आणि खालची तशीच राहते, त्यामुळे फळी वाकते. सरस मऊ पडतो. हेअर ड्रायरचंही तेच. पंखा चालू असलेली कोरडी खोली पुरेशी आहे.

चिकट पट्टीवर तेल किंवा फवारा मारू नका. तेल झडपेच्या चामड्यात उतरतं, चामडं फुगतं, धूळ पकडतं, आणि तेच तेल रीडपर्यंत गेलं तर जिभेवर चिकट थर बसतो. पट्टी घासत असेल तर शिसपेन्सिलीचं टोक त्या कडेवर फिरवून पाहा, ते कोरडं वंगण आहे. रीडवर तोंडाने फुंकर मारू नका, श्वासात पाणी असतं आणि पितळेवर त्याने हिरवट गंज येतो. जानेवारीच्या धुक्यातून गार झालेली पेटी माणसांनी भरलेल्या उबदार खोलीत आणली की लगेच उघडू नका. गार पितळेवर दव धरतं. अर्धा तास खोक्यातच राहू द्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ नका, तिथे सरसाची परीक्षा होते.

‘आम्ही वाजवतच नाही, मग बिघडेल कशी?’

न वाजवल्यानेच जास्त बिघडते. चामडं एकाच ठिकाणी दबून कडक होतं, घडीत कसर लागते. फेल्ट लोकरीचं असेल तर कसरीला ते आवडतं, सरसाला झुरळं लागतात, आणि उंदराने एका रात्रीत भाता कुरतडल्याच्या कथा प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. आठवड्यातून दहा मिनिटं सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत वाजवा. मुलं वाजवत नसतील तर आजीने आरतीपुरती वाजवली तरी चालेल.

ठेवताना भाता बंद करून कडी लावा, स्टॉप आत ढकला. कपलर आणि स्केल चेंजर (सगळ्या पट्ट्या एकदम सरकवून षड्ज बदलायची सोय) मोकळ्या जागी आणा, आणि स्केल बदलताना एकही पट्टी दाबलेली नसू द्या. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालणं सर्वांत वाईट, आत गेलेली ओल बाहेर निघत नाही. सुती खोळ घाला. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या अधूनमधून बदला. भरून गेलेली पुडी काहीच शोषत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा तर कापडात घट्ट बांधून खोक्यात ठेवा, पेटीच्या आत नको, त्याचा चुरा थेट रीडवर जातो.

अकॉर्डियन किंवा कॉन्सर्टिना असेल तर

काही घरांत जुनं अकॉर्डियन असतं. षटकोनी, दोन्ही हातांत धरून ताणायचं कॉन्सर्टिना क्वचित दिसतं. ते इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टोन यांच्या कामातून आलं. ही दोन्ही मुक्त रीडचीच वाद्यं आहेत, म्हणून धूळ, ओल आणि खरवडण्याबद्दलचं वरचं सगळं त्यांनाही लागू आहे. फरक एवढाच की तिथे भाता ताणताना आणि दाबताना वेगवेगळे रीड बोलतात, आणि दुसऱ्या दिशेची हवा अडवायला खाचेवर पातळ चामड्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या वाळून वळल्या की सूर फडफडतो. अशी वाद्यं घडीत दुमडून आणि कडी लावूनच ठेवायची, भात्यावर वजन येऊ द्यायचं नाही, आणि बटण न दाबता जबरदस्तीने ताणायची नाहीत.

कारागिराकडे नेताना

‘बिघडलीय’ एवढंच सांगू नका. कागदावर लिहून न्या. कुठल्या सप्तकातली कुठली पट्टी, घासते की गळते की घरघरते, कधीपासून, दहा मोजण्याच्या दोन फेऱ्यांत काय झालं. खर्जात की नरात, हे मुख्य स्टॉप एकेक उघडून कळतं, तेही लिहा. कारागिराला स्पष्ट सांगा की आधी झडपा, स्प्रिंग आणि भाता बघा, मग मला वाजवून दाखवा, आणि त्यानंतर खरवडायचं की नाही ते दोघं मिळून ठरवू. चांगला कारागीर यावर रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

चामडं, स्प्रिंग किंवा एखादा रीड बदलला तर जुना तुकडा मागून घ्या, रीड तर आवर्जून. पुढे त्याच मापाचा शोधताना तो हातात असला की दुकानदाराशी वाद होत नाही. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात नेऊ नका, तेव्हा प्रत्येकाच्या दारात पेट्यांची रांग असते. दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी आणि लाकूड स्थिरावलेलं असताना न्या. त्या वेळी बसवलेली झडप पुढचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढते.